खाऱ्या हवेतली जुनी दुर्बीण: खोलण्यापासून पावसाळ्यात ठेवण्यापर्यंत

माळ्यावर, शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात किंवा कुणाच्या तरी पडवीत एखादी जुनी दुर्बीण हाती लागते. बऱ्याच १९८६ च्या हॅलेच्या धूमकेतूच्या आसपास घेतलेल्या असतात. काही जपानी बनावटीच्या, तर काही कार्यशाळेत हाताने घासलेल्या आरशाच्या, प्लायवूडच्या पेटीत बसवलेल्या. काच पुसली आणि स्क्रू आवळले की झालं, असं पहिल्या दिवशी वाटतं. कोकणात मात्र अशा दुर्बिणीचं खरं नुकसान वयाने झालेलं नसतं. ते ओलाव्याने आणि मिठाने झालेलं असतं, आणि उरलेलं नुकसान घाईघाईने पुसणारा करतो. म्हणून हा क्रम पाळा. काचेला शक्य तितका कमी हात लावा. स्क्रू, ग्रीस आणि साठवण यांवर मात्र भरपूर वेळ द्या.

मोठं काम दसऱ्यानंतर सुरू करा. पावसाळ्यात खोललेली दुर्बीण पावसाळ्यातच बुरशी धरते, आणि रंगही नीट बसत नाही.

आधी गोळा करायचं सामान

- डिस्टिल्ड वॉटर, ५ लिटर. बॅटरीत घालायचं चालतं, पण दुकानात ‘बॅटरीचं पाणी’ एवढंच म्हणू नका, ॲसिड हातात पडू शकतं. लेबल वाचा.
- आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्के, अर्धा लिटर. सर्जिकल स्पिरिट नको, ते वाळल्यावर काचेवर पापुद्रा ठेवतं.
- औषधांच्या दुकानातला शोषक कापूस, ५०० ग्रॅमचा एक गठ्ठा. गादीचा कापूस किंवा सुती फडकं नको.
- हायड्रोजन पेरॉक्साइड, लहान बाटली.
- हवा मारायचा रबरी फुगा आणि मऊ ब्रश.
- बारीक पेचकस, अ‍ॅलन कीचा संच, व्हर्नियर कॅलिपर.
- गंज सोडवणारं तेल, मिनरल टर्पेंटाइन, पांढरं लिथियम ग्रीस, जुने दात घासायचे ब्रश.
- सिलिका जेल, किमान अर्धा किलो, आणि एक छोटा आर्द्रतामापक.
- बर्फाचा ट्रे किंवा अंड्यांचा पुठ्ठा. प्रत्येक कप्प्यात एकाच जागचे स्क्रू, आणि कप्प्यावर चिठ्ठी.

दुर्बीण शाळेची असेल तर कागद आधी. ती डेड स्टॉक रजिस्टरमध्ये नोंदलेली असते. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या आणि सुटे भाग किती, कोणत्या अवस्थेत आहेत याची यादी करून दोघांच्या सह्या ठेवा. नंतर ‘चौथा आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) कुठे गेला’ हा प्रश्न हमखास येतो.

१. ओळख पटवा

नळीवर किंवा फोकसरजवळच्या (प्रतिमा स्पष्ट करायला आत-बाहेर सरकणाऱ्या भागाजवळच्या) पट्टीवर ‘डी ६० मिमी, एफ ९०० मिमी’ असं काहीतरी कोरलेलं असतं. पहिला आकडा भिंगाचा व्यास, दुसरा नाभीय अंतर. ९०० भागिले ६० म्हणजे एफ १५. अशी लांबुडकी दुर्बीण चुका पोटात घालते, नवशिक्याने हिच्यावरच हात बसवावा. आरशाची असेल तर १५० मिमी, एफ ८ हा हाताने घासलेल्या आरशांचा नेहमीचा आकार.

आयपीसच्या नळकांड्याचा बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजा. २४.५ मिमी आला तर जुनं जपानी माप, ३१.७ मिमी आला तर आजचं. पुढचा निम्मा खर्च या एका मापावर ठरतो.

खोक्यावर ‘४५० पट’ किंवा ‘५२५ पट’ लिहिलेलं असेल तर ते विसरा. व्यासाच्या मिलिमीटरची दुप्पट ही कामाची वरची मर्यादा, म्हणजे ६० मिमीला १२० पट.

२. सूर्याचं फिल्टर आधी मोडून टाका

जुन्या संचात आयपीसला आट्यांवर बसणारी एक गडद हिरवी किंवा काळी काच असते, तिच्यावर ‘सन’ लिहिलेलं असतं. ती नाभीजवळ बसते, जिथे सूर्याची सगळी उष्णता गोळा होते. काच तडकते आणि डोळ्याला सावरायला क्षणही मिळत नाही. ती कुणाला देऊ नका, हातोडीने फोडा. एक्स-रे फिल्म, वेल्डिंगचा कुठलाही तुकडा, काजळी धरलेली काच हे पर्यायही नकोत. सूर्य पाहायचा तर दुर्बिणीच्या तोंडावर, म्हणजे भिंगाच्या पुढे बसणारं प्रमाणित सौर फिल्टरच, आणि फाइंडरवर, म्हणजे नळीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीवर, झाकण.

३. न खोलता तपासा

अंधाऱ्या खोलीत टॉर्च तिरकी धरून भिंगात पाहा. धूळ ठिपक्यांसारखी दिसते. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी किंवा मुळांसारखी पसरते. दोन भिंगांच्या मधला दुधी थर म्हणजे आत शिरलेली वाफ. टॉर्चच्या उजेडात प्रत्येक भिंग भयंकर दिसतं, त्यावर निर्णय घेऊ नका. रात्री चंद्र आणि एक ठळक तारा पाहा. प्रतिमा स्वच्छ असेल तर भिंग खोलायचंच नाही. थोडी धूळ असलेलं पण नीट बसलेलं भिंग हे चकचकीत पण वाकडं बसवलेल्या भिंगापेक्षा कितीतरी बरं.

आरसा असेल तर मागच्या बाजूने ठळक दिवा धरा. आरशावरच्या ॲल्युमिनियमच्या पातळ मुलाम्यातून दिवा पुसटसा दिसतो, ते ठीक. टाचणीने टोचल्यासारखी असंख्य भोकं दिसली किंवा कडेने पापुद्रे सुटत असतील तर नवा मुलामा लागणार. अशा आरशाला पाणीसुद्धा लावू नका.

नळीत हात घालण्यापूर्वी टॉर्चने आत पाहा. पालीची अंडी, कुंभारणीची मातीची घरं आणि कसर यांपैकी काहीतरी असतंच. मातीचं घरटं आरशाजवळ फोडलं तर वाळू थेट मुलाम्यावर पडते. नळी आडवी धरून, तोंड खाली झुकवून काढा.

४. गंजलेले स्क्रू

सगळ्यात जास्त दुर्बिणी इथेच बिघडतात. जपानी दुर्बिणींवरचा फुलीचा स्क्रू आपल्या नेहमीच्या फुलीच्या पेचकसाशी जुळत नाही, जपानी खाच थोडी वेगळी असते. नेहमीचा पेचकस जोर लागला की वर उसळतो आणि डोकं खातो. जपानी मापाचा पेचकस मोटारसायकल दुरुस्तीच्या सामानात मिळतो, तो आणा.

अडकलेल्या स्क्रूला तेलाचा एक थेंब सुईने सोडा. फवारा भिंगाजवळ कधीच नको, तेलाचा धूर काचेवर बसतो. २४ तास थांबा. मग हेअर ड्रायरने भोवतालचा धातू गरम करा, आधी आवळायच्या दिशेने किंचित फिरवा आणि नंतर सोडवा. पक्कड शेवटी.

बदली स्क्रू घेताना बाजारातले पांढरे चकचकीत नको, तो जस्ताचा मुलामा एका पावसाळ्यात फुलतो. स्टेनलेस घ्या. ३०४ दर्जाचं मिळेल, पण खाऱ्या हवेत ३१६ टिकतं. त्याला ए४ असंही म्हणतात. मिरकरवाडा, हर्णै, देवगड, मालवण अशा बंदरांपाशी बोटीचं सामान विकणारी दुकानं असतात, तिथे विचारा. सापळा असा, की स्टेनलेस स्क्रू थेट ॲल्युमिनियमच्या भोकात बसवला आणि मीठ-पाणी मिळालं की दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. वर्षभरात पांढरी पूड दिसते आणि स्क्रू कायमचा बसतो. प्रत्येक आट्यावर ग्रीसचं बोट फिरवूनच स्क्रू लावा. हे एकच काम केलंत तरी पुढच्या माणसाचे दोन दिवस वाचतील.

५. भिंगाची दुर्बीण: दोन काचांची जोडी

६० मिमीच्या दुर्बिणीत पुढे एक नाही, दोन भिंगं असतात. आकाशाकडे क्राउन काचेचं, दोन्हीकडून फुगीर. आत फ्लिंट काचेचं, मध्ये पातळ आणि कडेला जाड. दोघांमध्ये बारीकशी फट असते, आणि ती राखायला १२० अंशांवर तीन इवले पत्र्याचे तुकडे किंवा एक पातळ कडी असते. ही जोडी चुकीची बसली की दुर्बीण संपली. म्हणून:

क. संपूर्ण सेल, म्हणजे भिंगं धरणारं कडं, नळीतून काढा. बहुधा आट्यांवर असतो. अडकला तर जुन्या सायकल ट्यूबची पट्टी गुंडाळून फिरवा, पक्कड लावलीत तर तो लंबगोल होईल.

ख. पुढची धरकडी सोडवण्याआधी सेलच्या कडेवर पेन्सिलीने खूण करा.

ग. कडी काढल्यावर सेल उताणा मऊ कापडावर ठेवा, खाली भिंगापेक्षा किंचित कमी व्यासाची वाटी पालथी ठेवून सेल हळूच खाली सरकवा. भिंगांची जोडी वाटीवर राहते. जोडी अलग करण्याआधी दोन्ही काचांच्या कडेवर एकच सलग ‘व्ही’ची खूण पेन्सिलीने काढा, टोक आकाशाकडे. कोणती बाजू वर आणि कोणता कोन कुठे, हे दोन्ही एका खुणेत आलं.

घ. पत्र्याचे तुकडे चिकटलेले असतील तर राहू द्या. सुटले तर जाडी मोजून चिठ्ठीवर लिहा. हरवले तर तिन्ही एकाच जाडीचे नवे कापावे लागतील, एक वेगळा निघाला तर तारा एका बाजूला शेपटी काढतो.

बुरशीसाठी हायड्रोजन पेरॉक्साइड. औषधांच्या दुकानात ‘२० व्हॉल्यूम’ म्हणून मिळतं ते सुमारे ६ टक्के असतं. तेवढंच डिस्टिल्ड वॉटर मिसळून ३ टक्के करा. भिजलेला कापूस काचेवर ५ मिनिटं नुसता ठेवा, घासू नका. मग डिस्टिल्ड वॉटर, मग अल्कोहोलचा कापूस मध्यापासून कडेकडे गोल, प्रत्येक फेरीला नवा बोळा. बुरशीने आम्ल सोडून काच कोरली असेल तर डाग जाणार नाही. तो तसाच सोडा, पॉलिश लावून काढायला गेलात तर भिंगाचा आकार बिघडेल. चार डागांनी प्रतिमेतला प्रकाश नावापुरता कमी होतो.

‘उन्हात ठेव, बुरशी मरते’ हा सल्ला कोकणात घरोघरी मिळतो. गालिच्याला ठीक आहे. भिंगाला नाही: उघडं भिंग खिडकीत ठेवलं तर ऊन फिरल्यावर त्याचा झोत कुठे पडेल याचा नेम नाही, पडदा पेटू शकतो. शिवाय असमान तापून चिकटवलेली भिंगं सुटतात.

परत बसवताना धरकडी हलकी आवळा आणि मग पाव फेरा सोडा. सेल कानाशी हलवल्यावर अगदी पुसट टक असा आवाज आला पाहिजे. घट्ट आवळलेल्या भिंगातून तारा तिकोनी दिसतो, आणि लोक भिंगालाच दोष देतात.

आयपीस सहसा खोलू नयेत. ‘एच’ आणि ‘एचएम’ म्हणजे ह्यूजेन्स, ‘एसआर’ म्हणजे रॅम्सडेन, दोन्हींत दोनच साधी भिंगं, ती खोलता येतात. ‘के’ म्हणजे केल्नर आणि ‘ओआर’ म्हणजे ऑर्थोस्कोपिक. यांत चिकटवलेली भिंगं असतात, ती कुठल्याही द्रवात बुडवायची नाहीत. ॲसिटोन तर खोलीतही नको. संचातला ४ मिमीचा एसआर ९०० मिमीच्या दुर्बिणीत २२५ पट देतो, म्हणजे धुकं मोठं करून दाखवतो. तो पेपरवेट म्हणून छान.

६. आरसा धुणं

आरशाचा ॲल्युमिनियमचा थर मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढा असतो. पुसायचा नसतो, धुवायचा असतो. किनाऱ्यावरच्या आरशावर धुळीबरोबर मिठाचे कण असतात. कोरडा कापूस फिरवला की प्रत्येक कण छिन्नी होतो. पाण्यात मात्र मीठ आपोआप विरतं, म्हणून भिजवण्याचा वेळ कापायचा नाही.

हातातल्या अंगठ्या, घड्याळ काढा. घमेल्यात जाड टॉवेल अंथरा. पाणी खोलीच्या तापमानाचं.

आरसा तिरका धरून नळाखाली हलक्या धारेत २ ते ३ मिनिटं. मग घमेल्यात २ लिटर पाणी, भांडी घासायच्या पातळ साबणाचे २ थेंब, आणि १५ मिनिटं बुडवून ठेवा. हातांसाठी मॉइश्चरायझर घातलेला साबण नको. कापसाचा मोठा बोळा पाण्यातच आरशावर ठेवा आणि त्याच्या स्वतःच्या वजनाने ओढा, मध्यापासून कडेला, एकदाच. बोळा टाका, दुसरा घ्या. १५० मिमीच्या आरशाला १२ ते १५ बोळे लागतात. पुन्हा नळ. शेवटी अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटर वरून ओता. हा टप्पा टाळलात तर विहिरीच्या पाण्यातले क्षार डाग होऊन उरतात. जवळजवळ उभा ठेवून वाळवा, आणि कडेला राहिलेला थेंब टिश्यूच्या टोकाने शोषून घ्या.

खिडक्या पुसायचा निळा द्रव आरशावर कधीच नाही. त्यात अमोनिया असू शकतो आणि अमोनिया ॲल्युमिनियम खातो. पेरॉक्साइडही फक्त भिंगासाठी. दोन वर्षांतून एकदा धुणं पुष्कळ.

नवा मुलामा लागणारच असेल तर आधी आरसा त्या लायकीचा आहे का ते पाहा. हाताने घासलेले काही आरसे उत्तम असतात, काही नुसते चकचकीत. रॉन्की जाळी, इंचाला सुमारे १०० रेषांची, आयपीसच्या जागी धरून ठळक ताऱ्याकडे पाहा. रेषा सरळ दिसल्या तर आरसा चांगला, कमानी दिसल्या तर आकार चुकलेला. कमानी ठळक असतील तर मुलाम्याचे पैसे वाचवा. मुलामा निर्वात कक्षात चढवतात, घरी होत नाही, आणि जुना थर काढायचं कामही त्यांच्यावरच सोडा. पाठवताना आरशाच्या तोंडाला काहीही टेकू देऊ नका: कडेला पुठ्ठ्याची कडी, वर ताठ पुठ्ठा.

आरसा सेलमध्ये बसवताना कडेच्या क्लिपा आरशाला टेकता कामा नयेत. मध्ये वहीच्या कागदाची पट्टी सरकली पाहिजे. दुय्यम आरसा (फोकसरसमोरचा लहान तिरका आरसा) चिकटवायचा असेल तर सिलिकॉनची ट्यूब घेताना ‘न्यूट्रल’ असं लिहिलेली घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसिटिक आम्ल सोडतं आणि ते मुलाम्याला बाधतं. तीन टिकल्या, दीड-दोन मिमी जाडीच्या, आणि ४८ तास हात नाही.

एक काम धुण्याबरोबरच उरका. आरशाच्या मापाचा कागद कापा, चार घड्या घालून मध्य काढा, मध्याला लहान भोक. त्यातून आरशावर बिंदू उमटवा आणि त्यावर फाइलच्या भोकाला लावायची कागदी कडी चिकटवा. नेमका मध्य दुय्यम आरशाच्या सावलीत असतो, त्यामुळे प्रतिमेत फरक पडत नाही.

७. नळी

खरपेपर २२०, मग ४००, मग ६००. ॲल्युमिनियमच्या नळीला एचिंग प्रायमर, लोखंडाला रेड ऑक्साइड. रंग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, दुपारी ११ ते ३. आर्द्रता ८५ टक्क्यांवर असताना स्प्रे मारला तर रंगावर पांढरट झाक येते. नळीच्या आत फळ्याचा काळा रंग, त्यात चाळलेला लाकडाचा भुसा मिसळून. जपानी नळ्यांतल्या आतल्या कड्या फेकू नका, त्याच आडवा प्रकाश अडवतात.

८. फोकसर आणि आयपीसचं माप

जुनं ग्रीस डिंकासारखं घट्ट झालेलं असतं. नळी आणि दात टर्पेंटाइनने ब्रशने धुवा, वाळवा, लिथियम ग्रीसचा नखाएवढा थर द्या. जास्त ग्रीस म्हणजे वाळूला आमंत्रण. फोकसरची नळी डुगडुगत असेल तर खालच्या बाजूने जुन्या एक्स-रे फिल्मची पट्टी घाला आणि पिनियनच्या पट्टीचे दोन स्क्रू पाव-पाव फेऱ्याने आवळा.

२४.५ मिमीच्या फोकसरमध्ये आजचे आयपीस बसवायला अडाप्टर लागतो. तयार मिळतो. नाहीतर बोटीची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या लेथवाल्याकडे जा आणि तोंडी सांगू नका, कागदावर आकडे द्या: खालचा भाग बाहेरून २४.४ मिमी, लांबी २० मिमी. वरचा भाग आतून ३१.८ मिमी, खोली २५ मिमी. बाजूला आयपीस धरणाऱ्या स्क्रूसाठी एम४ चा आटा. पितळ किंवा डेलरिन चालेल. थ्रीडी प्रिंट करून घेत असाल तर पीएलए नको, एप्रिलमध्ये बंद गाडीत तो वाकतो. पीईटीजी किंवा एबीएस सांगा.

पण ऑर्डर देण्याआधी हे मोजा. जुन्या आयपीसने चंद्र स्पष्ट करा आणि फोकसर आत जायला किती मिमी शिल्लक आहे ते पट्टीने मोजा. अडाप्टर आणि नवा कोन-आरसा (प्रतिमा काटकोनात वळवणारा) मिळून जितकी लांबी वाढवतात तितकी जागा आत हवी. नसेल तर चंद्र कधीच स्पष्ट होणार नाही. घाईने नळी कापणारे इथेच भेटतात. आधी कोन-आरसा काढून सरळ पाहून बघा, पुष्कळदा तेवढ्यात काम होतं. आरशाच्या दुर्बिणीत कापाकापी लागत नाही, मागचे तीन बोल्ट लांब घेऊन मुख्य आरसा १० मिमी पुढे सरकवला की नाभीही १० मिमी बाहेर येते.

जोडीचा ५×२४ फाइंडर एकाच साध्या भिंगाचा असतो आणि आत भोक लहान करून ठेवलेलं असतं. त्याच्या दुरुस्तीत वेळ घालवू नका. ६×३० चा किंवा लाल ठिपक्याचा बसवा.

९. विषुववृत्तीय माउंट आणि आपले अक्षांश

विषुववृत्तीय माउंट म्हणजे दुर्बिणीचा असा आधार, ज्याचा एक अक्ष (ध्रुवाक्ष) आकाशाच्या ध्रुवाकडे रोखायचा असतो. हा भाग परदेशी पुस्तिकांत सापडत नाही, कारण ही माउंट ३५ ते ५० अंशांवरच्या लोकांसाठी बनलेली. ध्रुवाक्षाचा कोन आपल्या अक्षांशाएवढा हवा: अलिबागला सुमारे १८.६, दापोलीला १७.८, रत्नागिरीला १७, मालवणला १६, वेंगुर्ल्याला १५.९ अंश. पुष्कळ जुनी माउंट २५ अंशांच्या खाली झुकतच नाहीत, बोल्ट आडवा येतो.

बोल्ट कापण्यापेक्षा तिपाई आणि माउंटच्या मध्ये लाकडी पाचर घाला. रत्नागिरीला ८ अंश कमी करायचे असतील आणि पाचरीची लांबी १५ सेंमी असेल तर जाड बाजू पातळ बाजूपेक्षा २.१ सेंमी जास्त हवी, आणि जाड बाजू दक्षिणेला. उलट बसवलीत तर अक्ष ३३ अंशांवर जाईल. सागाचा तुकडा उत्तम, दोन्ही बाजूंना इपॉक्सी.

इतक्या कमी कोनात वजनाची दांडी उत्तरेकडच्या पायावर आपटते. म्हणून पुस्तिकेत काहीही असो, तिपाईचा एकटा पाय दक्षिणेला आणि उत्तरेला दोन पायांमधली मोकळी जागा ठेवा.

ध्रुवतारा इथे क्षितिजापासून जेमतेम १६-१८ अंश वर, म्हणजे माडांच्या शेंड्यांत किंवा खाडीवरच्या धुरकटात. होकायंत्र वापरा. कोकणात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहूनही कमी फरक आहे. फक्त वजनं आणि लोखंडी तिपाईपासून दोन मीटर दूर उभं राहून दिशा घ्या.

जुनी विजेवरची मोटर असेल तर पाटी वाचा. ११० व्होल्ट, ६० हर्ट्झ असेल तर आपल्या २३० व्होल्टवर जळते, आणि ट्रान्सफॉर्मर लावला तरी ५० हर्ट्झवर सहापैकी पाचच भाग वेगाने फिरते. हाताने फिरवणं बरं.

१०. लाकडी डॉब

जॉन डॉब्सन यांच्या नावाची, आरशाच्या दुर्बिणीला आधार देणारी ही फिरती पेटी सुतार एका दिवसात दुरुस्त करतो, साहित्य योग्य असेल तर. प्लायवूडवर आयएस ७१० शिक्का हवा, तेच मरीन प्लाय. आयएस ३०३ कोकणात दोन पावसाळ्यांत कडेने फुगतं. कापलेल्या प्रत्येक कडेला आणि प्रत्येक भोकाच्या आत इपॉक्सीचे दोन हात. वाळवी कडेतूनच शिरते.

फिरण्याच्या जागी टेफ्लॉनचे २५×२५ मिमी, ३ मिमी जाड तुकडे आणि समोर खरबरीत पृष्ठाचा सनमायका. गुळगुळीत सनमायका घेतलात तर दुर्बीण चिकटते आणि झटक्याने सुटते. तेल घालू नका. लाकडाला जवसाचं तेल लावलंत तर भिजलेली फडकी चुरगळून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवा किंवा पसरून वाळवा.

११. कॉलिमेशन: आरसे एका रेषेत आणणं

फोकसरमध्ये बसणाऱ्या प्लास्टिकच्या झाकणाला नेमक्या मध्यावर २ मिमीचं भोक पाडा. फिल्मची काळी डबी मिळाली तर ३१.७ च्या फोकसरला तीच बसते. दिवसा, नळी उजेडाकडे वळवून, या क्रमाने:

प्रथम दुय्यम आरसा फोकसरच्या मधोमध, गोल दिसेपर्यंत. मग त्याचे तीन बारीक स्क्रू फिरवून मुख्य आरशाची पूर्ण कडा दिसेल आणि कागदी कडी मध्यावर येईल असं करा. शेवटी मुख्य आरशाचे मागचे स्क्रू, झाकणाच्या भोकाचं प्रतिबिंब कागदी कडीत बसेपर्यंत. क्रम उलटा केलात तर फिरत बसाल. दुय्यम आरशाशी काम करताना नळी आडवी ठेवा, पेचकस पडला तर मुख्य आरशावर पडायला नको.

रात्री अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवल्यावर ताऱ्याची चाचणी. परदेशी सल्ला ध्रुवताऱ्याचा असतो, तो हलत नाही म्हणून. इथे तो इतका खाली आहे की हवेनेच उकळतो. डोक्यावरचा दुसऱ्या प्रतीचा (ध्रुवताऱ्याएवढ्या तेजाचा) तारा घ्या, १५० पटीच्या आसपास. किंचित फोकसबाहेर काढल्यावर कड्या समकेंद्री हव्यात.

१२. दव, समुद्र आणि पावसाळा

ऑक्टोबर ते फेब्रुवारी दव. भिंगाच्या पुढे व्यासाच्या दीड ते दोन पट लांबीचं टोपण हवं, योगा मॅटचा तुकडा वळून पुरतो. दुय्यम आरशाला गरम ठेवायचं असेल तर ४७० ओहमचे, अर्ध्या वॅटचे सहा रोधक समांतर जोडून आरशाच्या मागे बसवा. १२ व्होल्टवर सुमारे १.८ वॅट मिळतात, ०.१५ अँपिअरमध्ये.

एसीच्या खोलीतून दुर्बीण थेट बाहेर आणलीत तर सगळ्या काचा एका मिनिटात ओल्या होतात. झाकणं लावून, बॅगेतच अर्धा तास ठेवा.

पुळणीवर निरीक्षण शक्यतो टाळा. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जा, मीठ कमी आणि क्षितिज मोकळं, दक्षिणेला अगस्त्य २० अंशांवर. पुळणीवर गेलातच तर परतल्यावर नळी आणि तिपाई गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, पायांच्या सांध्यांतली वाळू काढा.

मृग लागण्याआधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, दुर्बीण मोडून ठेवा. आख्खी दुर्बीण हवाबंद करायला जाऊ नका, ते जमत नाही. फक्त काच वाचवायची आहे. भिंगाचा सेल, आरसा, आयपीस काढून रबरी कडीच्या हवाबंद डब्यांत ठेवा. १५० मिमीचा आरसा केकच्या मोठ्या डब्यात मावतो. १० लिटरच्या डब्याला १०० ग्रॅम सिलिका जेल आणि आत आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा, ६५ च्या वर गेला की बुरशीला वाट मोकळी. मूळ लाकडी पेटी, चामड्याची पिशवी, फोम आणि मखमल काचेसोबत ठेवू नका, ही सगळी ओल धरून ठेवतात. भाजलेले तांदूळही नकोत, त्यांची पूड काचेवर बसते.

निळं जेल गुलाबी झालं की ११०-१२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरता येतं. निळ्या रंगात कोबाल्ट असतं, म्हणून त्याचं भांडं वेगळं ठेवा, स्वयंपाकात परत नेऊ नका. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी डबा न उघडता बाहेरूनच काटा आणि जेलचा रंग पाहा, त्यासाठी डबा पारदर्शक घ्या. रिकामी नळी दोन्ही तोंडांना कापड बांधून भिंतीपासून हातभर दूर, आडवी, खुंट्यांवर.